कपाटातला पावसाळा

भाचीची मंगळागौर होती, म्हणून सासूबाईंची पैठणी काढायला मी बेडरूममधलं मोठं कपाट उघडलं. कुबट वास आला. त्याचं काही वाटलं नाही. ठाण्यात जुलै-ऑगस्टात कुठलंही कपाट उघडा, थोडा वास असतोच. पण साडीवरून हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागली. पदर आतल्या घडीत होता म्हणून बचावला होता. भुकटी होती ती एकाच कडेला, जिथे साडी कपाटाच्या पाठीला टेकत होती.

मग एकेक वस्तू बाहेर यायला लागली. सासऱ्यांचा तबला-डग्गा, गवसणीसकट. आमच्या लग्नाचे अल्बम. नवऱ्याच्या कोल्हापुरी चपला, समारंभापुरत्या घालून पिशवीत बांधून ठेवलेल्या. शाली, ब्लेझर, एक गोधडी. चपलांवर हिरवट थर, गोधडीवर काळे ठिपके, आणि ब्लेझर वरून अगदी ठीक, पण कॉलर उलटली की आत करडी लव.

हे कपाट खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीला चिकटवून बसवलेलं आहे. पाठ पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला, डावी बाजू बाथरूमच्या भिंतीला. बाहेरून चकचकीत सनमायका, आतून नुसतं प्लाय आणि त्यावर रंगाचा एक हात. जागा वाचते म्हणून मुंबई-ठाण्यात घरोघरी असंच कपाट असतं. नैर्ऋत्येचा पाऊस चार महिने जी भिंत झोडपतो, तिलाच आपण सगळ्यात जपायचे कपडे टेकवून ठेवतो.

बुरशी दिसली की हात शिवशिवतात ते वस्तू गॅलरीत नेऊन झटकायला. तो मोह आवरायचा. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. झटकले की घरभर उडतात आणि ओल मिळेल तिथे पुन्हा रुजतात. म्हणून आधी पंखा बंद केला, खोलीचं दार लावून घेतलं, खिडकी उघडली आणि कोविडमधले उरलेले एन-९५ मास्क शोधून काढले. सासूबाईंना दमा आहे, त्यांची रवानगी नणंदेकडे केली. त्या गेल्या, पण कुरकुरतच. “एवढ्या डांबरगोळ्या टाकल्या होत्या की गं मी!” हे त्यांनी जिन्यातूनही ऐकवलं.

शेजारच्या काकू दारातूनच विचारत्या झाल्या, “काळी बुरशी म्हणजे ते २०२१ मधलं नव्हे ना?” ते नव्हे. तेव्हा गाजला तो म्युकरमायकोसिस, आणि ‘काळी’ हे नाव पडलं ते त्यात काळ्या पडणाऱ्या मेलेल्या पेशींमुळे. कपाटात उगवतात ते बहुतेक अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम असले प्रकार, ज्यांचे बीजाणू हवेत कायमच असतात. धडधाकट माणसाला शिंका, खोकला, डोळे चुरचुरणं यापलीकडे सहसा काही होत नाही. दमेकऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र लांबच ठेवलेलं बरं.

साफसफाईच्या आधी मला एकच गोष्ट हवी होती: पाणी येतंय कुठून? ते कळल्याशिवाय पुसत बसण्यात अर्थ नाही, पंधरा दिवसांत सगळं परत उगवतं. सुताराला बोलावून पाठीचं खालचं प्लाय कापून काढलं. ते हाताने मोडत होतं. मागच्या भिंतीला पोपडे सुटलेले आणि त्यांवर पांढरं काहीतरी कापसासारखं फुललेलं. सुतार म्हणाला, “ताई, ही बघा बुरशी.” मी त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर ते जागच्या जागी विरघळून गेलं. म्हणजे तो लोणा. विटा-सिमेंटातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. बुरशी थेंबाने विरघळत नाही, बोटाखाली फासली जाते. या क्षारांचा तब्येतीला फारसा धोका नाही, पण भिंतीच्या आतून पाणी झिरपतंय याचा तो पुरावाच.

आता भिंती दोन, आणि प्लंबर दोष देणार बाथरूमला, हे ठरलेलंच. मग स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे चौकोन कापले आणि दोन्ही भिंतींवर चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवले. दोन दिवसांनी काढून बघायचं. फॉइलच्या आतल्या अंगाला पाणी असेल तर ओल भिंतीतून येते; बाहेरच्या अंगाला असेल तर खोलीतली दमट हवा भिंतीवर गार होऊन पाझरते. बाथरूमकडचा चौकोन आतून कोरडा निघाला. पश्चिमेकडच्याच्या आत थेंब जमले होते, आणि मधल्या रात्री वाऱ्याबरोबर पावसाची झोड लागली होती. बाहेरून बघितल्यावर भेग दिसलीच, कॉलम आणि विटांची भिंत जिथे जुळते तिथे, प्लास्टरमध्ये सरळ उभी. काँक्रीट आणि वीटकाम उन्हापावसात सारख्याच प्रमाणात हलत नाही, म्हणून भेगा पडतात त्या याच सांध्यात.

सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो दाखवले. “मॅडम, तुमच्याच बाथरूमचं पाणी असणार,” ते म्हणाले. मी फॉइल दाखवलं, मग आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नियमावली, दाखवले. बाहेरच्या भिंतीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, आणि घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाने, अशी त्यात वाटणी आहे. विषय मीटिंगमध्ये गेला. पावसात भिंतीचं काम होणार नव्हतंच, पण पत्राची पोच घेऊन ठेवली.

ठाण्यात वाढलेल्या कोणाला हवेतली आर्द्रता मोजायची गरज वाटत नाही, आपलं अंगच सांगतं. तरीही तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक मागवला. स्वस्त यंत्रावर विश्वास किती ठेवायचा ते मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घ्यायचं (ओलसर, पाणी नव्हे), ते आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ७९ दाखवत होता, म्हणजे दर वेळी चार वजा करायचे.

हे ७५ लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हवेतली आर्द्रता साधारण तेवढी झाली की मिठाला पाणी सुटतं. कपाटात वाटीभर मीठ ठेवा असा सल्ला हटकून मिळतो, पण मीठ आर्द्रता पंच्याहत्तरच्या खाली आणूच शकत नाही आणि बुरशी त्याच्या आधीच आपला संसार मांडते. ती दूर ठेवायची तर साठच्या खाली राहावं लागतं. माझ्या खोलीत चार वजा करून ८४ होते, कपाटात ८८. “दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या” हेही सगळे सांगतात. जानेवारीत खरं आहे ते. ऑगस्टात बाहेरच्याच हवेत ८५-९० असतील, तर खिडकी उघडून आपण आणखी ओल घरात घेतो. माझी खिडकी उघडी होती ती फक्त घासपूस चालू असेपर्यंत, बीजाणू बाहेर जावेत म्हणून.

आता वस्तू. सगळ्यांना एकच औषध चालत नाही, आणि ही वाटणी करण्यातच निम्मं काम झालं.

सुती कपडे आणि गोधडी सगळ्यात सोपी. गॅलरीत नेऊन ब्रशने हलकेच भुकटी काढली, मग मशीनमध्ये ६० अंशांच्या पाण्यात. काळे ठिपके राहिले, तेव्हा ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भिजवली. बरेचसे गेले, काही फिक्कट होऊन राहिले. बुरशी मरते म्हणजे तिचा रंग जातो असं नाही. नेहमीचं क्लोरीनचं ब्लीच पांढऱ्या सुती चादरीला ठीक आहे. रेशीम आणि लोकर यांच्या जवळही नेऊ नये, ते धागाच खाऊन टाकतं.

पैठणीला पाणी नाही, व्हिनेगर नाही, स्पिरिटही नाही. आम्लाने जरीच्या तारा काळवंडतात. पलंगावर धुतलेली जुनी चादर पसरली, त्यावर साडी मोकळी केली आणि दाढीच्या कोऱ्या ब्रशने, धाग्याच्या दिशेने, एका वेळी वीतभर असं करत भुकटी काढली. व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधून तो ब्रशच्या शेजारी धरला, म्हणजे उडालेलं लगेच ओढलं जातं. मग खोलीतच, सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात रेशमाचा रंग उडतो. शेवटी ड्रायक्लीनिंग, आणि पावतीवर ‘बुरशी’ असं लिहून घेतलं, म्हणजे ते बाकीच्या कपड्यांपासून वेगळी ठेवतात. ब्लेझर आणि शालीही त्याच रांगेत. मंगळागौरीला मी दुसरीच साडी नेसले.

चपलांसाठी औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट. कोरड्या ब्रशने थर काढून, निम्म्या पाण्यात मिसळलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवल्या. कागद ओलावला की बदलायचा. तेल लावायचं ते पूर्ण वाळल्यावर, आणि जास्तीचं पुसून.

तबल्यापाशी मात्र मी थबकले. पुडीच्या, म्हणजे वरच्या चामड्याच्या, काठाला आणि वाद्यांच्या, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्यांच्या, खाचांत बुरशी होतीच, पण सगळ्यात दाट होती ती शाईवर. शाई म्हणजे पुडीवरचा काळा गोल, लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा. ही खळ बुरशीसाठी वाढून ठेवलेलं ताट. पाण्याच्या फडक्याने पुसावी तर खळ सुटून शाईचे थर उचलले जातात. म्हणून शाईला नुसता कोरडा मऊ ब्रश. लाकडी खोडाला किंचित स्पिरिटचं फडकं, तेही वाद्यांना न लावता. नंतर तबलेवाल्यांकडे नेला. त्यांनी पुडीवर बोट दाबून पाहिलं, शाईवर टिचकी मारली. कडेला शाई भुसभुशीत झाली होती. “ताई, तबल्याची पुडी बदलावी लागेल. डग्गा राहील. आणि गवसणी प्रवासापुरती. घरात वरून धोतराचं फडकं टाका, पुरतं.” जाड, आतून फोम लावलेली गवसणी पावसाळ्यात ओल धरून ठेवते, हे सांगणारे ते पहिले. कपाटाच्या मालकिणीला कोणी असं काही सांगत नाही.

अल्बम. ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पडदा असलेले, त्या काळी सगळ्यांकडे असत तसे. सप्तपदीच्या फोटोत एक करडं जाळं नवऱ्याच्या मुंडावळ्यांपासून निघून भटजींच्या कानापर्यंत पोचलं होतं. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं प्रथिन. बुरशीला ते आवडणारच. तिने ते खायला घेतलं की थर पाण्यात विरघळण्याइतका कच्चा होतो. अशा वेळी ओलं फडकं फिरवलं तर बुरशीबरोबर भटजीही जातात. म्हणून आधी प्रत्येक पानाचा, आहे त्या अवस्थेत, मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मग फोटोंच्या मागून दात साफ करायचा मेणाचा दोरा करवतीसारखा हळूहळू ओढत एकेक सोडवला, जाळीवर पसरून पंख्याच्या सौम्य वाऱ्यावर पूर्ण वाळवला, आणि वाळल्यावरच मऊ ब्रश. जाळं बरंचसं गेलं. मुंडावळ्यांच्या जागी चकाकी उडाली आहे, ती येणार नाही. दोन फोटो एकमेकांना इतके चिकटले होते की ते तसेच सोडले. ओढले असते तर दोन्ही गेले असते.

यात बरेच दिवस गेले. मधे मधे श्रावणाचं ऊन पडे आणि मी गोधडी घेऊन गच्चीवर पळे, तोवर सर येई.

रिकामं कपाट धुण्याची पद्धत साधी आहे. आधी साबणाचं पाणी आणि ब्रश, कारण मळावर मारलेलं कुठलंही औषध मळावरच संपतं. मग पांढरं व्हिनेगर, पाणी न घालता, स्प्रेच्या बाटलीतून. तासभर राहू द्यायचं आणि पुसून घ्यायचं. प्लायवर ब्लीच मारून उपयोग नाही: त्यातलं पाणी लाकडात मुरतं, क्लोरीन वरच राहतं, आणि आतल्या बुरशीला पाणी तेवढं मिळतं. आमच्या कामाच्या मावशी मदतीच्या उत्साहात ब्लीचवरच संडास धुण्याचं लिक्विड ओतायला निघाल्या होत्या; त्यांना अक्षरशः हात धरून थांबवलं. त्या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीचबरोबर व्हिनेगरही तसंच. बंद खोलीत ते जिवावर बेतू शकतं.

पाठीला नवीन प्लाय लावलं ते आयएस ७१० चा शिक्का असलेलं, म्हणजे मरीन ग्रेडचं, पाण्याला टिकणारं. त्याहून महत्त्वाचं, सुताराला ते भिंतीपासून दोन इंच पुढे घ्यायला लावलं आणि खाली-वर भोकं पाडून जाळ्या बसवून घेतल्या. “कप्प्याची खोली कमी होईल,” तो म्हणाला. झाली. हँगर आता जरा तिरके बसतात.

कोरडं करणं ही वेगळीच मोहीम. रात्री खोलीच्या खिडक्या बंद, कपाटाची दारं सताड उघडी आणि एसी ड्राय मोडवर. एवढ्याने मापक सत्तरच्या आसपास आला. पुढे हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर घेतला, पंधरा हजारांच्या आत. सकाळी त्याची टाकी भरलेली असते, आणि ते पाणी ओतताना दर वेळी वाटतं, हे सगळं आपल्या कपड्यांत होतं. तो खोली तापवतो आणि घरघरतो, पण साठच्या खाली आणतो.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात ते लहान बंद कप्प्याला चांगले. पांढरे खडे विरघळून खाली पाणी साठतं. ते पाणी सांडलं तर कापड आणि चामडं दोन्ही खराब होतात, म्हणून डबा स्टीलच्या ताटलीत. सिलिका जेल मी फक्त हवाबंद डब्यात वापरते, अल्बम आणि कॅमेऱ्यासाठी. उघड्या फटींच्या कपाटात ते दोन-चार दिवसांत पाणी पिऊन गप्प बसतं. त्याच्या निळ्या मण्यांत कोबाल्ट असतं, ते तब्येतीला बरं नाही, म्हणून नारिंगी घेतले. ते ओलावले की हिरवट होतात आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवले की परत नारिंगी.

सासूबाई परतल्या त्या कपाटाची तपासणी करतच. डांबरगोळ्या कुठायत? मी म्हटलं, “आई, गोळ्या कसरीला. बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.” कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचंही तेच, कीड राखतात, ओल नाही. शिवाय नॅफ्थलीनची वाफ दमेकऱ्याच्या खोलीत नकोच. त्यांना हे पटलं नाही. तडजोड अशी झाली की शालींत वेखंडाची पुरचुंडी राहील आणि गोळ्या हद्दपार. उदाची धुरीही एक दिवस झालीच. वास छान आला, मापक जागचा हलला नाही.

दसऱ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, तेव्हा सगळं पुन्हा एकदा बाहेर काढलं. गोधड्या भर उन्हात, रेशीम सावलीत. उन्हातून आणलेले कपडे निवल्याशिवाय घडी केले नाहीत. पैठणी आता मलमलमध्ये आहे, प्लास्टिकच्या कव्हरात नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून बदलायची असं सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. इस्त्री करून आलेले कपडेही आता लगेच आत जात नाहीत. लाँड्रीवाला वाफेने ओलसर झालेलेच आणून देतो, ते रात्रभर खुर्चीवर पडतात. पुढचं मोठं वाळवण मे महिन्यात, कुरडया-पापडांबरोबरच, म्हणजे पावसाआधी कपाटात जाईल ते खडखडीत कोरडं.

सोसायटीने दिवाळीनंतर भेग कोरून पॉलिमरच्या मॉर्टरने भरली आणि त्या बाजूला वॉटरप्रूफ रंग दिला. काम बरं वाटतंय, पण खरी परीक्षा जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटल्यावर. तोवर सगळ्यात खालच्या कप्प्यात मी कापड ठेवलेलं नाही. तिथे लग्नकार्याला लागणारी स्टीलची पातेली आहेत, आणि त्यांच्या मागे भिंतीला फॉइलचा एक चौकोन चिकटवलेला आहे.